जब्बारभाईचे उलटे बाण

जानेफळ, ता. मेहकर
१८ डिसेंबर १९६३

चि. कोकिळा,

अनेक आशीर्वाद.

तू मागितलेले दगड आज रवाना केले. चौदा नग, गवतात गुंडाळून, खिळे ठोकलेल्या पेटीत. अकोल्यापर्यंत एस.टी.च्या टपावर, पुढं रेल्वे पार्सलनं. कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय हाय?" म्हटलं, "दगड." "कुठं चालले?" "मुंबईला." तो म्हणाला, "काऊन? तिकडचे सरले काय?" त्यावर मी त्याला विज्ञानाचं महत्त्व सांगू लागलो. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. दोष माझा नाही. लोकांना ऐकायचं असतं.

तुझं काम सोपं होतं. टेकडीच्या खदानीतला काळा दगड निवडायचा, तो जागेवरून हलवण्याआधी त्याच्या वरच्या अंगावर उत्तरेकडे तोंड केलेला बाण कोरायचा, आणि मगच छिन्नीनं सोडवायचा. मी कामाची वाटणी करून टाकली. विचार माझा, मेहनत जब्बारभाईची.

तुला जब्बारभाई आठवतो ना? तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा दगडाच्या पोटातले चमकणारे पांढरे खडे काढून तुझ्या ओंजळीत टाकायचा, तोच. सरळ रेघ हवी असली की गाव अजून त्याच्याकडेच जातं. विहिरीचं बांधकाम त्याचं, मारुतीच्या पाराचा कट्टा त्याचा. सध्या मशिदीची पश्चिमेची नवी भिंत त्यानंच आखली आहे, नमाजाला जिकडे तोंड करतात ती. कमरेइतकी वर आली आहे. अशा माणसावर देखरेख करायला माझ्यासारखा वाचलेला माणूस हवाच होता.

माझ्याकडे ते पितळी होकायंत्र आहे, अकोल्याच्या जुन्या बाजारात घेतलेलं. ते दगडावर ठेवून मी "उत्तर तिकडं!" असं हात लांब करून सांगायचो. हात लांब करायची मला चाळीस वर्षांची सवय आहे. माझ्या भाषणांनी इंग्रज गेला असं माझं प्रामाणिक मत आहे. तुझी मामी म्हणते, कंटाळून गेला. जब्बारभाई मात्र शहाणा. "हाव साहेब" म्हणायचा आणि कोरायचा.

तीन दिवस लागले. खदानीच्या तोंडाशी सपाटीवर त्यानं एक काठी रोवली होती. सोयीची होती. मी माझी टोपी तिच्यावर अडकवायचो. पण कोण जाणे का, थोड्या वेळानं टोपी माझ्या पिशवीवर पडलेली दिसायची. वारा असेल.

दगड मिळताच कळव. शालूबाईला, म्हणजे तुझ्या आईला, सांगितलं आहे की तू बरी आहेस. तसं तू लिहिलेलं नाहीस, पण मी गृहीत धरलं.

तुझा
वामनमामा


मुंबई
१२ जानेवारी १९६४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

पेटी पोचली. गवतासकट एक विंचूही पोचला, पण तो मेलेला होता. दगड फार सुंदर काढलेत. बाण इतके रेखीव की प्रयोगशाळेतले सगळे येऊन हात फिरवून गेले.

तुम्ही मागे विचारलं होतं की दगडात एवढं काय मोजता, म्हणून लिहिते. या काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात, पिठाहून बारीक. लाव्हा रसरशीत तापलेला असतो तोवर त्या कणांना कसलीच दिशा नसते. तो थंड होऊ लागला की त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व जिकडे ओढत असेल तिकडे ते तोंड करतात, आणि मग तसेच राहतात. आपल्या टेकडीला अशी सहा कोटी वर्षं तरी झाली असावीत. मोठे कण मात्र भरवशाचे नसतात. मोठा कण आतून तुकड्यांत वाटलेला असतो, जवळ दुसरं चुंबक आलं की मत बदलतो. बारीक कण हट्टी असतो. आमचं सगळं काम या बारक्या हट्टी कणांवर चालतं.

मोजताना मी केसांतले आकडेसुद्धा काढून ठेवते. एका बारीक धाग्याला चुंबकं टांगलेली असतात. त्यांच्याजवळ दगड नेला की धागा किंचित पिळतो आणि आरशावरचा प्रकाशाचा ठिपका सरकतो. तो ठिपका दगडाची आठवण सांगतो.

आता मुद्दा. चौदाही दगडांचं एकमत आहे, आणि सगळे उलटे आहेत. बाण उत्तरेकडे, आणि आतल्या कणांचं तोंड दक्षिणेकडे, जरासं पूर्वेला झुकून. आमचे प्रयोगशाळेचे सर म्हणतात, असे दगड पूर्वीही सापडलेत. पण पृथ्वीचं चुंबकत्व तेव्हा उलटं होतं असं म्हणण्याआधी आपला बाण उलटा नव्हता एवढं पाहून घ्यावं. म्हणून विचारते. बाण कोणी काढले, आणि दिशा कशानं धरली? हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. त्यात दुसरं काही नाही.

मामींना नमस्कार.

तुमची
कोकिळा


जानेफळ
१७ जानेवारी १९६४

चि. कोकिळा,

आशीर्वाद.

पत्र वाचून मी अर्धा तास पायऱ्यांवर बसलो होतो. चौदापैकी चौदा! एखादा चुकला असता तर माणूस म्हणून सोडून दिलं असतं. माझी भाची मुंबईच्या प्रयोगशाळेत मान वर करून काम करते, आणि तिच्या मामाच्या गावचे दगड तिला खाली मान घालायला लावतात!

"त्यात दुसरं काही नाही" असं तू लिहितेस तो तुझा चांगुलपणा. अशी वाक्यं मी जन्मभर सभांमध्ये ऐकली आहेत. त्यात नेहमी दुसरं काहीतरी असतं.

तेव्हा स्पष्ट लिहितो. दिशा मी दिली. होकायंत्र माझ्या हातात होतं आणि माझा हात आजवर चुकलेला नाही. बाण जब्बारभाईनं कोरले. मी उत्तर दाखवली आणि त्यानं दक्षिण कोरली, एवढाच याचा अर्थ निघतो. तुझ्या सरांना तसं निःसंकोच सांग.

आपल्या लोकांचं हेच होतं बघ. हातात कसब आहे, डोक्यात शास्त्र नाही. यावर मी बोलणार आहे. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंड्याखाली माझंच भाषण ठरलं आहे. विषय शोधतच होतो. तुझ्या पत्रानं दिला.

मामी म्हणते, "आधी जब्बारभाईले विचारा तरी." बायकांना सार्वजनिक जीवन कळत नाही.

तुझा
वामनमामा


(पोस्टकार्ड)
मुंबई, २३ जानेवारी

ती. मामा, कृपा करून कोणाला काही बोलू नका. कोणी चुकलं असं आम्ही म्हटलेलं नाही. बाण बरोबर असतील तर उलट आनंदच आहे. ते तपासायचा सोपा उपाय आहे. जब्बारभाईंची चुन्याची भट्टी अजून आहे का? तिच्या तळाची भाजलेली माती, त्यांच्याच हातानं बाण काढून, हवी आहे. सविस्तर मागून. कोकिळा.


जानेफळ
३० जानेवारी १९६४

चि. कोकिळा,

आशीर्वाद.

तुझं कार्ड सत्तावीस तारखेला पोचलं. आपलं पोस्टखातं हा एक स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

भट्टी आहे. पण माती सध्या पाठवणं जमेलसं वाटत नाही. जब्बारभाई कामात आहे. शिवाय त्याचे रोजे चालू आहेत. थंडीही फार आहे.

सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम चांगला झाला. लोक बरेच होते. टाळ्या झाल्या.

इकडचं बाकी सर्व ठीक. मामी माझ्याशी मोजकं बोलते, त्यामुळे वाचन भरपूर होतं.

तुझा
वामनमामा


जानेफळ
१९ फेब्रुवारी १९६४

कोकिळाबेटी,

जब्बारचा सलाम. हे पत्र माही पोरगी जमीला लिहून राह्यली. तिले म्हनलं, मी बोलतो तसंच लिह, सुधरवू नको.

ईद झाली. औंदा शिरखुर्मा तुह्या मामाकडं पाठोला नाई. तीस सालात पहिल्यांदा. म्हनून लिहून राह्यलो.

सव्वीस तारखेले झेंड्याखाली मामानं भाषण केलं. मी सामने बसलो होतो, रोजा होता. पहिले चीनवर बोलले, मंग आळशी लोकाइवर, मंग विज्ञानावर. मंग म्हनले, "आपल्या गावात असे कारागीर हायेत, त्यायले उत्तर दाखोली त दक्षिण कोरतात! मुंबईच्या यंत्रानं पकडलं!" अन् माह्याकडं हात केला. तुले मालूम हाय, मामाचा हात लंबा होते. लोक हासले. मी बी हासलो. काय करतो?

घरी आलो त कय्यूम शेठ दारात. मशिदीचा कारभार थेच पाहतात. म्हनले, "जब्बार, दगडावर उत्तर चुकली त भिंतीत पश्चिम कशी बरोबर असन?" तवापासून भिंत बंद हाय. बकरी ईदच्या पहिले खामगावचा मिस्त्री आनून पाया उकरायचा, असं ठरून राह्यलं. आता त पाराच्या कट्ट्यावर बी लोक दोरी लावून पाहून राह्यले. थो बिचारा कट्टा वीस साल सरळ होता.

आता खरं सांगतो. मामाच्या त्या पितळी डबीवर म्या एक बी बाण काढला नाई. थे डबी आमच्या खदानीत नशा करते. या दगडावर ठेवली त इकडं, त्या दगडावर ठेवली त तिकडं. माह्या बापानं शिकोलं होतं. सपाटीवर काठी रोव. सकाळच्या सावलीच्या टोकाले खूण कर. दुपारून सावली तेवढीच लंबी झाली का दुसरी खूण कर. दोन खुनांमधी दोरी तान, थे पूरब-पश्चिम. तिच्यावर आडवी दोरी धरली का उत्तर. मशिदीची भिंत बी त्याच काठीची हाय. मामा त्या काठीवर टोपी ठेवत. टोपीची सावली पडली का काठीची सावली बिघडते. म्हनून मी टोपी उचलून पिशवीवर ठेवो.

मामाले हे सांगतलं नाई. त्यायले डबीचा लई अभिमान हाय.

बेटी, एकच विचारतो. तुह्या यंत्रानं खरंच माहे बाण उलटे म्हनले काय? म्हनले असन त लाजू नको, लिह. मी माह्या हातानं भिंत उकरतो. दुसऱ्या गावच्या मिस्त्र्यानं उकरू नये, एवढंच.

जब्बार
(दस्तुर जमीला. ताई, अब्बा घरात बोलत नाईत आजकाल.)


मुंबई
२५ फेब्रुवारी १९६४

मामा,

"टाळ्या झाल्या" एवढंच तुम्ही लिहिलं होतं. बाकीचं मला जब्बारभाईंनी कळवलं. त्यांचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाचा, मग हे.

वाचलं? काळा दगड स्वतःच चुंबक असतो. त्यावर होकायंत्र ठेवलं तर ते जवळच्या दगडाचं ऐकतं, पृथ्वीचं नाही. हे मी तुम्हाला आधी लिहायला हवं होतं, ती चूक माझी. जब्बारभाईंनी काठीच्या सावलीवर दिशा धरली हे ऐकून सर खुर्चीवरून उठले. म्हणाले, "आपल्या कामाला पाठवायचा माणूस तोच होता. त्याच्याबरोबर दुसरा कशाला पाठवला?" मी म्हटलं, दुसरे माझे मामा आहेत.

पण जब्बारभाईंना मी खोटा दिलासा दिलेला नाही. पद्धत बरोबर असली तरी हात चुकू शकतो. खरं-खोटं ठरवायचा एकच मार्ग आहे. त्यांच्या चुन्याच्या भट्टीचा तळ लाल मातीचा आहे. त्या मातीतही लोहाचे बारीक कण आहेत. गेल्या दिवाळीत भट्टी विझली तेव्हा ती माती थंड झाली, म्हणजे तिची आठवण चार महिन्यांची आहे आणि ती आजच्या उत्तरेचीच असणार. तीच काठी, तोच हात, तशाच खुणा. माती बाणाच्या दिशेनं निघाली तर हात बरोबर, आणि दगड सहा कोटी वर्षांपूर्वीच उलटा झालेला. मातीही उलटी निघाली तर हात उलटा, आणि मग भिंतीबद्दल कय्यूम शेठ विचारतात ते योग्य.

बकरी ईदला दोन महिने आहेत. मोजायला मला तीन आठवडे लागतात. जब्बारभाईंना तयार करणं तुमचं काम. तुम्हीच बिघडवलंत.

कोकिळा


जानेफळ
१२ मार्च १९६४

चि. कोकिळा,

आशीर्वाद. घेणार असशील तर.

जब्बारभाईचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा टोपी आठवली. तिसऱ्यांदा मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्या सांगतलं होतं." या तीन शब्दांवर आमचा संसार पस्तीस वर्षं उभा आहे.

दुसऱ्या दिवशी जब्बारभाईच्या घरी गेलो. जाताना मनात भाषण जुळवलं होतं. सुरुवात गॅलिलिओपासून, मग सत्यासाठी सोसलेल्या माणसांची परंपरा, आणि शेवटी जब्बारभाई. मला वाटतं ते चांगलं होतं. गॅलिलिओच्या दुर्बिणीपर्यंत आलो, तोच जब्बारभाईची बायको सुगराबी आतून म्हणाल्या, "भाईसाब, थांबा. तुमी बोल्ले का आमचं घर हालते."

जब्बारभाई छिन्नीला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, "आता मी काई कोरत नाई साहेब. आता माह्या हाताचा मलेच भरोसा नाई. काल दाराची चौकट पाहिली, थे बी तिरपी दिसली."

कोकिळा, मी आयुष्यात पुष्कळ लोकांना हरवलं आहे. जिल्हा लोकल बोर्डात हरवलं, वादसभेत हरवलं. पण सरळ चौकट तिरपी दिसावी इतकं कुणाला हरवल्याचं मला माहीत नव्हतं.

तिथं मी काहीच बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. सुचलंच नाही. मला वाटतं तेच कामाला आलं. बऱ्याच वेळानं सुगराबीच म्हणाल्या, "पोरीनं माती मांगली हाय त देऊन टाका. उलटी निघाली त उलटी. असं अर्धं मरण काय कामाचं?" मग माझ्याकडे वळल्या. "पन भाईसाबनं काठीजवळ बसाचं, अन् सूर्य निघाल्यापासून दुसरी खूण पडेपर्यंत तोंड उघडाचं नाई. एक बी शब्द नाई."

मी हो म्हणालो. बाईला वाटलं असेल, शिक्षा दिली. तिला कल्पनाच नव्हती केवढी दिली.

परवा तो दिवस झाला. भट्टीजवळ काठी रोवली. मी बाजूला दगडावर, टोपी मांडीवर. गावात बातमी पसरली, आणि चाळीसेक माणसं वामनराव गप्प बसलेले बघायला आली. काहींनी भाकरी बांधून आणली होती. कोणी विचारलं, "वामनराव, चीनचं काय होनार?" कोणी विचारलं, "इंग्रजी ठेवावी का काढावी?" घशाशी आलेली उत्तरं मी एकेक करून गिळली.

पण एक सांगतो. त्या सावलीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती आधी आखडत येते, आखडत येते, आणि मग कुणाला न सांगता उलटी लांबू लागते. ती नेमकी कोणत्या क्षणी वळली ते मला दिसलं नाही. जब्बारभाईला तो क्षण बघायची गरजच नव्हती. त्याच्याजवळ सकाळची खूण होती आणि तो दुपारच्या खुणेची वाट बघत होता. मी असतो तर मधेच हात लांब केला असता.

दुसरी खूण पडली तेव्हा तो म्हणाला, "झालं साहेब. बोला आता." माझा घसा बसला होता. न बोलता घसा बसतो हे तुझ्या सरांना सांग.

सहा ढेपा काढल्या. पेटी मी स्वतः अकोल्याला नेली. कंडक्टर तोच होता. विचारलं, "यावेळेस काय?" म्हटलं, "माती." "मुंबईले?" "हो." पुढं काही सांगितलं नाही. गाडी वेळेवर सुटली.

आता एकच कर, लवकर मोज. कय्यूम शेठ खामगावला निरोप धाडतो म्हणतात. मी दोनदा थांबवलं आहे. तिसऱ्यांदा ऐकतील असं वाटत नाही. माझ्या शब्दाला सध्या भाव नाही.

आणखी एक. तू लिहिलं होतंस की कण थंड होतात तेव्हाच दिशा धरतात. मी सत्तावन्न वर्षं तापलेलाच आहे. तुझी मामी म्हणते, वेळ लागेल.

तुझा
वामनमामा


मुंबई
४ एप्रिल १९६४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

सोबत एक कागद आहे. तो शाळेच्या मैदानावर, झेंड्याच्या त्याच ओट्यावरून, तुम्हीच वाचायचा आहे. मजकुरात एकही वाक्य घालायचं नाही, एकही गाळायचं नाही. गॅलिलिओ नको. शेवटची ओळ तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे. चार शब्दांपेक्षा जास्त नकोत.

लोक भिंतीबद्दल विचारतील. तेव्हा कागद उलटा.

तुमची
कोकिळा

(सोबतचा कागद)

सर्व जानेफळकरांस नमस्कार.

जब्बारभाईंनी खदानीतल्या चौदा दगडांवर आणि आपल्या भट्टीच्या सहा ढेपांवर बाण कोरून पाठवले. दोन्हींची दिशा त्यांनी एकाच काठीच्या सावलीवर धरली. मी प्रत्येक नग चार वेळा मोजला. भट्टीची माती बाणाच्या दिशेनंच, आजच्या उत्तरेकडे निघाली. फरक जेमतेम दोन अंशांचा आहे. तेव्हा त्यांचा हात बरोबर आहे. दगड उलटे आहेत ते हातानं नाही. आपली टेकडी थंड झाली तेव्हा पृथ्वीचंच चुंबकत्व उलटं असावं असा आमचा समज आहे, आणि जब्बारभाईंच्या बाणांमुळे तो आम्हाला ठामपणे मांडता येतो.

खदानीत होकायंत्र चुकत होतं. ते वामनरावांच्या हातात होतं. त्यावर विसंबून बाण काढले असते तर चौदा दगड चौदा दिशांना गेले असते आणि आम्हाला काहीच कळलं नसतं.

आमच्या निबंधात जब्बारभाईंचं नाव येईल.

कोकिळा


जानेफळ
१३ एप्रिल १९६४

चि. कोकिळा,

अनेक आशीर्वाद.

काल रविवारी वाचलं. सगळं. दवंडी मीच दिली होती, त्यामुळे गर्दी सव्वीस जानेवारीपेक्षा मोठी होती. लोकांना वाटलं भाषण आहे. माझ्याच ओट्यावर उभा राहून मी दुसऱ्याची वाक्यं वाचत होतो, आणि तीही अशी की त्यांत हात लांब करायला कुठं जागा नाही. "ते वामनरावांच्या हातात होतं" या वाक्याला थोडं पाणी प्यावंसं वाटलं. पण पाणी पिणं म्हणजे गाळणं होईल की घालणं, हे ठरेना. तसंच वाचलं.

जब्बारभाई पहिल्या रांगेत नव्हता. मागं लिंबाखाली उभा होता, निघायला सोपं पडावं असा.

वाचून झालं. टाळी एकही नाही. कय्यूम शेठ उठले. म्हणाले, "दगडाचं समजलं, मातीचं समजलं. भिंतीचं काय?"

माझं तोंड उघडलं होतं, कोकिळा. खरं सांगतो, चांगलं उत्तर तयार होतं. मग तुझं वाक्य आठवलं. कागद उलटला. मागं तू लिहिलं होतंस, "भिंत त्याच काठीची आहे. विश्वास नसेल तर कय्यूम शेठ यांनी स्वतः काठी रोवून पाहावी. त्याला शिक्षण लागत नाही, फक्त एक दिवस गप्प बसावं लागतं." लोक हसले. यावेळी माझ्याकडे बघून हसले. कय्यूम शेठही हसले. आणि ते हुशार, आज सकाळी खरंच काठी घेऊन गेले.

मग कोरी ओळ. चार शब्दांची मुभा होती. रात्रभर मी शंभर वाक्यं चार शब्दांत बसवत होतो. ओट्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. लिंबाकडे बघून म्हटलं, "जब्बारभाई, माझं चुकलं." तीनच लागले.

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी जमीला वाडगा घेऊन आली. शिरखुर्मा. ईद होऊन दोन महिने झाले. मामीनं विचारलं, "आज काऊन वं?" पोरगी म्हणाली, "अम्मी म्हने, उशिरा झाला, पन बाकी नको."

आज दुपारनंतर मशिदीकडे गेलो. कय्यूम शेठ घामाघूम होऊन काठीजवळ बसले होते, दुसरी खूण नुकतीच पडली होती. दोरी ताणली, तिच्यावर आडवी दोरी धरली आणि ती भिंतीशी जुळवली. जुळली. त्यांनी तिथूनच खामगावच्या मिस्त्र्याला नको म्हणून कळवायला माणूस धाडला. जब्बारभाईनं लगेच थापी उचलली. बकरी ईदपर्यंत भिंत पुरी होईल.

मी उभाच होतो. ऊन फार होतं, टोपी हातात होती. काम झालं होतं, काठी तशीच रोवलेली होती. मी विचारलं, "जब्बारभाई, आता तरी अडकवू का?"

तो विटेवर चुना पसरत होता. वर न बघता म्हणाला, "नको साहेब. डोक्यावरच राहू द्या. तिथं सावलीची जरूर हाय."

होकायंत्र पार्सलनं पाठवत आहे. तुझ्या टेबलावर राहू दे, पण दगडांपासून लांब ठेव. ते बिचारं वाईट नाही. जे जवळ असेल त्याचं ऐकतं, एवढंच. ओट्यावर उभं राहिलं की माझंही तसंच होतं.

तुझा
वामनमामा

ता. क. तुझे सर आणखी दगड मागतील तर थेट जब्बारभाईला लिही. तो मला बरोबर घेईल, असं म्हणाला आहे. पिशवी धरायला.